पारंपरिक दंतोपचाराचा शास्त्रीय अभ्यास कसा आखावा

एखाद्या लोकसमूहात पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेल्या दंतोपचाराची शास्त्रीय तपासणी करायची असेल, तर तो उपचार वापरणाऱ्या माणसांचे म्हणणे सर्वांत आधी नीट ऐकून घ्यावे, कारण अभ्यासाचा योग्य प्रश्न बहुधा तिथेच सापडतो. अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज येथे १९०१ मध्ये व्यवसाय सुरू करणारे दंतवैद्य फ्रेडरिक मॅके यांना तिथल्या रहिवाशांच्या दातांवर तपकिरी डाग आढळले आणि त्यांचे कारण शोधण्यात त्यांची पुढची तीन दशके गेली. १९२३ मध्ये आयडाहोतील ओकली या गावी पालकांनी त्यांना सांगितले की, दूरच्या उष्ण झऱ्याचे पाणी नळाने गावात आल्यापासून मुलांचे दात असे दिसू लागले आहेत. मॅके यांनी त्या पाण्याचा वापर थांबवण्याचा सल्ला दिला आणि त्यानंतर मुलांना आलेले नवे दात स्वच्छ निघाले. पाण्यातील फ्लोराइड हे खरे कारण रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांच्या विश्लेषणातून १९३१ मध्ये पुढे आले. मात्र रोख पाण्याकडेच आहे, हे त्या पालकांनी आठ वर्षे आधी सांगितले होते. म्हणून मुलाखतीत ‘हे गुणकारी आहे का?’ असे विचारू नये. कधीपासून वापरता, ताजे की वाळवलेले, तोंडात किती वेळ ठेवता, थुंकता की गिळता, सोबत आणखी काय वापरता आणि कोणाला देत नाही, असे प्रश्न विचारावेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण उपचाराचे धोके समूहाला ठाऊक असतील, तर ते तिथे उघड होतात.

यानंतर आपण नेमके काय तपासणार आहोत, हे निश्चित करावे. एकाच स्थानिक नावाने निरनिराळ्या वनस्पती ओळखल्या जातात, त्यामुळे वनस्पतीशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून घेऊन वाळवलेला नमुना अधिकृत वनस्पतिसंग्रहात क्रमांकासह जमा करावा. वनस्पतीचा कोणता भाग वापरला, तो कोणत्या ऋतूत तोडला आणि तो कसा तयार केला, याचीही नोंद ठेवावी. तयार करण्याच्या पद्धतीला हलके लेखणे ही या क्षेत्रातील सर्वांत महाग पडणारी चूक आहे. हिवतापावरील आर्टेमिसिनिन या औषधाच्या शोधात चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाला सुरुवातीला छिंगहाव या वनस्पतीच्या अर्कातून भरवशाचे परिणाम मिळत नव्हते. चौथ्या शतकातील गे हाँग यांच्या ग्रंथात ती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस पिण्यास सांगितले आहे; त्यात उकळण्याचा उल्लेख नाही. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, असे या वाचनावरून तू यूयू यांच्या लक्षात आले. त्यांनी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो प्राण्यांवरील प्रयोगांत प्रभावी ठरला. या कार्यासाठी त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लोक थंड पाण्यात भिजवलेली साल वापरत असतील आणि आपण अल्कोहोलमधील अर्क तपासला, तर निष्कर्ष त्या अर्काविषयीचा असेल. लोकांच्या उपचाराविषयी त्यातून काहीच सिद्ध होणार नाही.

अभ्यासाच्या रचनेत खरी परीक्षा तुलनेची असते. दातवणाचेच उदाहरण घेऊ. मिस्वाक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साल्वाडोरा पर्सिकाच्या काडीने दात घासल्यावर प्लाक (दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर) कमी झाला, तर तो तंतूंच्या घर्षणामुळे कमी झाला की काडीतील रसायनांमुळे, हे एका गटावरून कळत नाही. त्यासाठी निदान तीन गट हवेत: नेहमीची काडी वापरणारा, विद्राव्य घटक काढून टाकलेली तशीच काडी वापरणारा आणि साधा ब्रश वापरणारा. कोण कोणत्या गटात जाईल, हे यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, पद्धतीने ठरवावे. ब्रश आणि काडी यांतला फरक सहभागी व्यक्तीपासून लपवता येत नाही. परंतु दात तपासणाऱ्या परीक्षकाला गट कळू न देणे सहज शक्य असते आणि ते टाळण्यास कोणतीही सबब पुरेशी नाही. प्लाकसाठी सिल्नेस आणि लो यांचा १९६४ चा निर्देशांक आजही वापरात आहे. मात्र दोन परीक्षक एकाच तोंडाला सारखेच गुण देतात का, हे अभ्यास सुरू होण्यापूर्वी पडताळून घ्यावे.

कालावधी परिणामावरून ठरवावा. हाराल्ड लो यांच्या १९६५ च्या प्रयोगात दात घासणे थांबवलेल्या निरोगी व्यक्तींच्या हिरड्यांना १० ते २१ दिवसांत सूज आली. त्यामुळे हिरड्यांवरील परिणाम पाहायचा असेल, तर चार-पाच दिवसांची चाचणी निरर्थक ठरते आणि कीड रोखण्याचा दावा तपासायचा असेल, तर दोन-तीन वर्षांची तयारी ठेवावी लागते. विश्लेषण करताना एका व्यक्तीचे २८ दात म्हणजे २८ स्वतंत्र नोंदी असे मानू नये. ते सर्व दात एकाच लाळेत आणि एकाच सवयीत राहतात, म्हणून गणनेचे एकक व्यक्ती हेच असावे. प्रयोगशाळेतील बशीत जिवाणू मेले, एवढ्यावरून तोंडातील परिणामाचा दावा करणेही तितकेच चुकीचे आहे.

जुनी सवय निरुपद्रवीच असते, असे गृहीत धरू नये. सुपारी चघळण्याची प्रथा फार प्राचीन आहे. तरीही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २००४ च्या मूल्यमापनात सुपारी माणसासाठी कर्करोगकारक ठरली. उपचारातील जड धातूंची तपासणी, दंतवल्काची (दातावरील कठीण आवरणाची) झीज आणि तोंडातील त्वचेची पाहणी आराखड्यातच नमूद करावी.

परवानग्यांचे काम नमुने गोळा करण्याआधी संपले पाहिजे. नीतिमत्ता समितीची मान्यता, प्रत्येक सहभागी व्यक्तीची त्याच्या भाषेत समजावून घेतलेली संमती आणि पहिली व्यक्ती सहभागी होण्यापूर्वी चाचणीची सार्वजनिक नोंदणी, या किमान अटी आहेत. पारंपरिक ज्ञानाच्या बाबतीत समूहाची संमती आणि लाभवाटपाचा, म्हणजे संशोधनातून होणाऱ्या लाभात समूहाला वाटा देण्याचा, लेखी करारही हवा. २०१० मध्ये स्वीकारलेला नागोया हा आंतरराष्ट्रीय करार २०१४ पासून अमलात आहे, त्याचा मूळ हेतू हाच आहे. दक्षिण आफ्रिकेत सान या आदिवासी लोकांच्या माहितीवर आधारलेल्या हूडिया वनस्पतीच्या संशोधनाचे पेटंट आधी घेतले गेले आणि लाभवाटपाचा करार २००३ मध्ये, म्हणजे आक्षेप उठल्यानंतर झाला. पुढे २०१७ मध्ये सान समूहाने संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आपल्या अभ्यासाच्या समूहाची अशी संहिता असेल, तर आराखडा तिच्याप्रमाणे बदलावा आणि नसेल, तर समूहाच्या प्रतिनिधींना आराखड्याच्या पहिल्या मसुद्यापासून सोबत घ्यावे.

अहवालात वनस्पतीचे शास्त्रीय नाव, नमुन्याचा क्रमांक, तयारीची कृती, मात्रा आणि अर्धवट सोडून गेलेल्या व्यक्तींची संख्या व कारणे लिहावीत, म्हणजे दुसऱ्या संशोधकाला तोच प्रयोग करून पाहता येईल. उपचाराचा गुण दिसला नाही, तरीही तो निकाल प्रसिद्ध करावा आणि नियतकालिकात छापून येण्यापूर्वी सहभागी लोकांना त्यांच्या भाषेत समोर बसून समजावून सांगावा.