अँटी-सीझ म्हणजे ग्रीस नव्हे: या चुका टाळा

'सीझ' हा शब्द दोन ठिकाणी हमखास कानावर पडतो. पोलिसांनी माल सीझ केला आणि इंजिन सीझ झालं. मूळ एकच, जुन्या फ्रेंचमधलं 'सेझिर', म्हणजे ताब्यात घेणं. नट बोल्टाला असा धरून बसला की पान्यालाही दाद देईना, तर तो सीझ. तसं होऊ नये म्हणून लावायचं ते अँटी-सीझ. लोक मात्र त्याला महागडं ग्रीस समजतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

डब्यात असते ग्रीसमध्ये कालवलेली तांबं, निकेल, ॲल्युमिनियम किंवा ग्रॅफाइटची बारीक पूड. खूप तापलं की ग्रीस जळून जातं, पण पूड आट्यांत टिकते आणि धातूला धातू भिडू देत नाही. बेअरिंगमध्ये हे भरू नका, तिथे हीच पूड कचऱ्यासारखी घासत राहते.

सगळ्यात महागात पडते ती टॉर्कची, म्हणजे बोल्ट किती जोराने पिळून आवळायचा याची चूक. बोल्ट आवळताना लावलेल्या जोरापैकी साधारण 90 टक्के घर्षणातच खर्ची पडतो. बोल्टाला ताण देतो तो उरलेला 10 टक्के. अँटी-सीझने घर्षण घटलं की त्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल, तर तो जसाच्या तसा वापरू नका. किती कमी करायचा ते डब्याच्या माहितीपत्रकात बघा. आठ मिलिमीटरचा एक बोल्ट मी असाच घालवलाय. ठरवलेला जोर आला की टॉर्क पाना 'टक्' करतो, पण त्याआधीच हात हलका लागला. पाना फिरतोय, पण जोर वाढत नाही. तिथेच थांबायला हवं होतं. मी आणखी पाव फेरा दिला आणि डोकं पान्यासोबत हातात आलं.

स्पार्क प्लगला लावायचं का? बहुतेक प्लगच्या आट्यांवर आधीच प्लेटिंग, म्हणजे धातूचा मुलामा असतो, आणि काही उत्पादक तर स्पष्ट 'लावू नका' म्हणतात. धुराच्या नळीतल्या ऑक्सिजन सेन्सरच्या टोकाला तर थेंबही लागता कामा नये. ब्रेक पॅडच्या घासणाऱ्या बाजूबद्दल सांगायची गरज नसावी, पण सांगतो: तिथेही नको.

स्टेनलेस नट-बोल्टाला मात्र अँटी-सीझ लावायचा आळस नको. तिथे गंज नसतानाही आटे एकमेकांत रुततात, त्यातही इम्पॅक्ट गनने भरकन फिरवले तर जास्तच. हातानेच, सावकाश घाला. नट मध्येच जड लागला तर जोर न लावता लगेच उलटा फिरवून काढा. एकदा का पुरता रुतला, की कापण्यावाचून इलाज नाही.