बॅकलॅश काढायचाय? नट बदलायच्या आधी बीके ब्लॉक उघडा

सीएनसी राउटरमध्ये बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना मोकळी हालचाल (प्ले) असली आणि गोल कापला की अंडाकृती येतो, मग सगळे आधी बॉलनटला (स्क्रू फिरला की गॅन्ट्री, म्हणजे कटर धरणारी चौकट, सरकवणारा नट) दोष देतात, नवीन मागवतात आणि प्ले तसाच राहतो. माझ्या १६०५ (१६ मिमी जाड, ५ मिमी पिच) बॉलस्क्रूवर हेच झालं, नट ठणठणीत होता, प्ले बीके१२ च्या आत, म्हणजे स्क्रूचं मोटरकडचं टोक पक्कं धरणाऱ्या बेअरिंग ब्लॉकमध्ये.

म्हणून आधी डायल इंडिकेटर (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावा. बीएफच्या (दुसऱ्या टोकाला आधार देणारा ब्लॉक) बाजूला स्क्रूच्या टोकाला सेंटरचं भोक असतं ना, त्यात ग्रीस लावून छोटी स्टीलची गोळी चिकटवा, डायलची टीप तिच्यावर टेकवा, कपलर (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा) सैल करा, एकाने स्क्रू हाताने घट्ट धरायचा नि दुसऱ्याने गॅन्ट्री पुढेमागे ढकलायची. गोळी हलली तर प्ले बेअरिंगमध्ये, गोळी जागेवर आणि गॅन्ट्रीच हलली तर नटमध्ये. ब्लॉकचे बोल्ट सैल नाहीत ना तेही बघून घ्या.

आता लॉकनट, म्हणजे बीकेमधली बेअरिंग दाबून धरणारा नट. त्याचा ग्रब स्क्रू (बाजूचा छोटा अडकवणारा स्क्रू) सोडल्याशिवाय तो फिरवू नका, आटे खराब होतात. थोडं थोडं आवळा आणि दरवेळी स्क्रू हाताने फिरवून बघा, एकसारखा किंचित जड लागला पाहिजे, अडकत अडकत फिरला तर जास्त झालंय.

आवळूनही प्ले जात नसेल तर ब्लॉक उघडाच. आत दोन अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंग (स्क्रूच्या लांबीच्या दिशेचा जोर एकाच बाजूने घेणारी) एकमेकांच्या उलट तोंडाने हवीत, स्वस्त ब्लॉकमध्ये दोन्ही एकाच दिशेला बसवलेली किंवा सरळ साधी बॉल बेअरिंग टाकलेली सापडतात. आउटर रिंगच्या जाड कडा एकमेकींना लावून बसवा. इनर रिंग टेकल्या तरी प्ले राहिला तर दोन आउटर रिंगांच्या मधे ०.०२ मिमीची शिम (पातळ चकती) टाका, इनरला लागता कामा नये. आणि कव्हर! ते बॉडीला पूर्ण टेकलं तर आउटर रिंग आत मोकळीच राहते, बारीकशी फट दिसलीच पाहिजे.

बीएफ मात्र मुद्दाम ढिला असतो, तिथलं ६००० बेअरिंग घरात सरकलं पाहिजे, एक मीटर स्क्रू १० अंश तापला की साधारण ०.१२ मिमी वाढतो. बसवताना गॅन्ट्री बीकेजवळ आणून बीके आवळा, मग दुसऱ्या टोकाला नेऊन बीएफ.