जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचे कंडेन्सर बदलताना

माळ्यावरचा रेडिओ खाली काढला, पुसला, की पहिला मोह होतो प्लग लावून बघायचा. लावू नका. नौपाड्यातल्या आत्याकडचा सेट मी असाच लावला होता. तीन-चार मिनिटं झकास वाजला, मग करपल्याचा वास आला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला.

कारण होतं करंगळीएवढा, मेणात बुडवलेला कागदी कंडेन्सर. (दुकानात कपॅसिटर म्हणा; जुने मेकॅनिक कंडेन्सरच म्हणतात.) वर्षानुवर्षं कागद ओल धरतो, त्यात आपलं ठाणं खाडीकाठचं. मग स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (करंट किती वाहावा ते ठरवणाऱ्या जाळीवर) डीसी झिरपतो आणि व्हॉल्व्ह नको तेवढा करंट ओढतो. म्हणून बाकी काही करा न करा, हा कपलिंग कंडेन्सर (आधीच्या व्हॉल्व्हचा सिग्नल पुढे देणारा, पण डीसी अडवणारा) आधी बदला.

प्लग काढलेला असला तरी फिल्टर कंडेन्सरमध्ये (डीसी सपाट करून घरघर घालवणाऱ्या मोठ्या कंडेन्सरमध्ये) दोन-अडीचशे व्होल्ट शिल्लक असू शकतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी त्याच्या पॉझिटिव्ह टोकापासून चासीला (सेटच्या धातूच्या सांगाड्याला) जोडा, थोडा वेळ ठेवा, मग मल्टिमीटरने शून्य झाल्याची खात्री करा. मेन्स ट्रान्सफॉर्मर नसलेल्या सेटची चासी थेट लाइनवर असू शकते. तो जाणत्याकडेच द्या.

आता फोटो काढा आणि एका वेळी एकच कंडेन्सर बदला. सगळे एकदम उपटलेत तर फोटोही कामाला येत नाही. कागदीच्या जागी ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर. ०.०५ मायक्रोफॅरड आता मिळत नाही, ०.०४७ बिनधास्त लावा. फिल्टरच्या ३२+३२ च्या डब्याला (एकाच डब्यात ३२ मायक्रोफॅरडचे दोन) ३३ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन. प्लस-मायनस दोनदा बघा. डबा शोभेला राहू दे, पण त्याच्या तारा सोडवा. ‘जास्त मायक्रोफॅरड म्हणजे घरघर कमी’ म्हणून १०० चा लावाल तर एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हवर ताण येतो. मेन्सच्या तारांमध्ये असलेल्याच्या जागी एक्स२ (थेट मेन्सवर लावायला बनवलेल्या) दर्जाचाच घ्या. मायका आणि सिरॅमिकला हात लावू नका.

पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब लावा. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर लखलखून मंद झाला तर ठीक, तसाच पेटत राहिला तर लगेच बंद करा. मंद राहिला, तर बल्ब काढून सेट थेट लावा आणि ग्रिडवर मीटर धरा. आउटपुट व्हॉल्व्ह ईएल८४ असेल तर २ नंबरची पिन. चासीच्या तुलनेत जवळपास शून्य हवं. अर्धा व्होल्ट जरी पॉझिटिव्ह दिसला, तर नवा कंडेन्सर तरी गळतोय किंवा व्हॉल्व्ह तरी.