रविवारी क्लोन चालवून बघण्याआधी

मामा, तुमच्या पीसीतल्या उबंटूचा क्लोन, म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल, बाहेरच्या डिस्कवर करून तो चालतो का ते बघायला रविवारी सकाळी रामबागेत पोचतो. त्याआधी थोडी जमवाजमव करून ठेवा, नाहीतर मागच्यासारखा अर्धा दिवस केबल शोधण्यातच जाईल.

तुमच्या पीसीत 240 जीबीची एसएसडी आहे. सिल्व्हर मॉलमध्ये बाहेरची डिस्क घेताना 'तेवढीच द्या' म्हणू नका, मोठीच घ्या. नक्कल करणाऱ्या क्लोनझिला या प्रोग्रामला नवी डिस्क निदान जुनीएवढी लागते, आणि लेबलवर आकडा एकच असला तरी दोन कंपन्यांच्या डिस्क आतून उण्याअधिक निघतात. नव्या डिस्कवर जे असेल ते पार पुसलं जाईल, तेव्हा लग्नाचे फोटो असलेली जुनी डिस्क कौतुकाने पुढे करू नका. क्लोनझिलासाठी एक रिकामा पेनड्राइव्ह, 2 जीबीचाही चालेल. यूपीएसची बॅटरी किती वेळ टिकते तेही बघून ठेवा.

डिस्क मागच्या निळ्या, म्हणजे यूएसबी 3 च्या, पोर्टलाच लावू. क्लोनझिला फक्त भरलेला भाग उचलतो. तुमचे 120 जीबी तिथे साधारण वीस मिनिटांत होतील. जुन्या यूएसबी 2 पोर्टवर तासभर. वीस मिनिटांत पोह्यांवर जिरावन घालून ते संपवूनही होतात.

आता मुख्य गोष्ट, मागच्या वेळी मी स्वतःच फसलो ती. क्लोन म्हणजे हुबेहूब नक्कल, अगदी पार्टिशनच्या (डिस्कच्या कप्प्याच्या) यूयूआयडी या ओळख-क्रमांकासकट. उबंटू सुरू होताना त्याच ओळखीने आपलं घर शोधतं. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या, तर बूट मेनूत (कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते निवडायच्या यादीत) यूएसबी निवडूनही ते खुशाल आतल्या एसएसडीत जाऊन बसतं, आणि आपण 'क्लोन चालला' म्हणून हात झटकतो. म्हणून लहान स्क्रू ड्रायव्हर काढून ठेवा. क्लोन झाला की पीसी बंद करून एसएसडीची साटा केबल (ती पीसीला जोडणारी) काढायची, मगच बाहेरच्या डिस्कवरून सुरू करायचं. तरी टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके' ही कमांड देऊन चालू असलेल्या उबंटूचं रूट पार्टिशन कुठल्या डिस्कवर आहे ते बघूच.

तुमच्या पीसीचा बूट मेनू कुठल्या बटणाने उघडतो, तेवढं चालू करताना पडद्यावर वाचून लिहून ठेवा. कुठे एफ12 असतं, कुठे एफ9, कुठे एस्केप. मेनूत डिस्कच्या नावाआधी 'यूईएफआय' असेल तीच ओळ आपली. डिस्क दिसलीच नाही, तर तिच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (सुरू होण्याच्या फाइली असतात त्या कप्प्यात) 'बूट' नावाचा फोल्डर आहे का ते पेनड्राइव्हवरून तपासेन. अनोळखी डिस्क आली की पीसी तिथेच डोकावतो.

शेजारच्या काकांना विंडोजचं असंच करून हवंय म्हणालात. त्यांना आशा लावू नका. साधं क्लोन केलेलं विंडोज यूएसबीवरून बहुधा निळा पडदाच दाखवतं, आणि त्यासाठीची 'विंडोज टू गो' ही सोय मायक्रोसॉफ्टने 2020 मध्ये काढून टाकली.

तपासून झालं की आधी बाहेरची डिस्क काढायची, मग साटा केबल परत लावायची. डिस्कवर तारखेची चिठ्ठी चिकटवून ती कपाटात ठेवा, पीसीला जोडून ठेवू नका.