अ‍ॅडाप्टिव्ह टेस्टच्या कामात नव्याने येताय? आधी प्रश्नपेढी बघा

अ‍ॅडाप्टिव्ह टेस्ट म्हणजे मुलाच्या आधीच्या उत्तरांवरून संगणक पुढचा प्रश्न निवडतो ती परीक्षा. बडोद्यात बी.एड., मानसशास्त्र किंवा संख्याशास्त्र करून या कामात येणारे बहुतेक जण आधी सॉफ्टवेअरच्या मागे लागतात. त्याची घाई नको. ‘कॅटआर’, ‘एमआयआरटीकॅट’ ही अशी परीक्षा चालवणारी, ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतली पॅकेजं फुकट आहेत. वेळ आणि पैसा खाते ती प्रश्नपेढी, म्हणजे काठिण्य मोजून ठेवलेल्या प्रश्नांचा साठा.

परीक्षा छोटी का होते, ते एकदा कागदावर मांडा. रॅश मॉडेल मुलाची क्षमता आणि प्रश्नाचं काठिण्य यांवरून बरोबर उत्तराची शक्यता काढतं. त्यात एका प्रश्नातून मिळणारी माहिती म्हणजे उत्तर बरोबर येण्याची शक्यता गुणिले चुकण्याची शक्यता. शक्यता निम्मी असेल तर ०.२५, मूल ९० टक्के खात्रीने सोडवणार असेल तर फक्त ०.०९. छापील पेपरात असे वाया जाणारे प्रश्न प्रत्येकाच्या वाट्याला येतात, ते इथे गळतात. तरी मर्यादा आहेच: प्रमाण त्रुटी (क्षमतेचा अंदाज साधारण किती चुकू शकतो, ते) ०.४ चालत असेल तर किमान २५ प्रश्न, ०.३ हवी तर ४५. ‘दहा प्रश्नांत निकाल’ म्हणणाऱ्याला त्रुटी किती, ते विचारा.

पेढीत परीक्षेच्या दहा-बारा पट प्रश्न हवेत, म्हणजे पंचवीसला २५० ते ३००. शिक्षक मध्यम काठिण्याचे प्रश्न भरभरून देतात, दोन्ही टोकं रिकामी राहतात. मग कच्च्या मुलाजोगा प्रश्न सापडत नाही, त्रुटी उतरत नाही, परीक्षा लांबत जाते. म्हणून ठरलेली त्रुटी गाठली की थांबा, नाहीतर ३५व्या प्रश्नाला थांबा. कोणत्या घटकावर किती प्रश्न, ते सांगणारा संविधान तक्ताही प्रोग्रॅममध्ये घाला. नाहीतर एखाद्याला भूमिती आलीच नाही, असं होतं.

काठिण्य काढण्यासाठी आधी घ्यायच्या पूर्वचाचणीला रॅशसाठी दर प्रश्नामागे साधारण २०० मुलं, विभेदनही (प्रश्न हुशार आणि कच्च्या मुलांत किती फरक करतो, ते) काढायचं तर ५००. तीही माध्यमागणिक. मराठी माध्यमात एवढी मुलं जमवणं जड जातं. तरी गुजरातीचे आकडे तपासल्याशिवाय मराठीला चिकटवू नका, निदान मँटेल-हेन्झेल चाचणी लावा; सारख्याच क्षमतेच्या दोन गटांना एखादा प्रश्न वेगळा जड जातो का, ते ती दाखवते. घोळ दर वेळी भाषांतराचाच नसतो. एका माध्यमात मजकूर दोन ओळी वाढतो, लॅबच्या लहान स्क्रीनवर आकृती खाली सरकते आणि स्क्रोल न करणाऱ्यांना सोपा प्रश्न अवघड होऊन बसतो.

सर्वांत जास्त माहितीचा प्रश्न दर वेळी उचलला, तर तेच मूठभर प्रश्न सगळ्यांना जातात आणि फुटतात. १९९४ साली संगणकावरच्या जीआरई या अमेरिकी प्रवेशपरीक्षेचं हेच झालं: कोचिंगवाल्यांनी माणसं बसवून प्रश्न पाठ करून आणले. वरच्या पाचांतून एक चिठ्ठी टाकल्यासारखा निवडा.

शाळांसाठी आमचं मत दोन टप्प्यांच्या परीक्षेकडे झुकतं. पहिल्या भागाच्या निकालावर दुसरा सोपा की कठीण, ते ठरतं. भागाच्या आत मुलांना मागे जाऊन उत्तर बदलता येतं. अमेरिकेतली कॉलेज-प्रवेशाची डिजिटल सॅट अशीच आहे, तीन तासांची सव्वादोनवर आली.

पालकसभेत एक प्रश्न ठरलेला: दोघांचे तेराच बरोबर, मग गुण वेगळे का? इथे बहुतेकांचे निम्म्याच्या आसपासच बरोबर येतात, गुणांत फरक पडतो तो वाट्याला आलेल्या प्रश्नांच्या काठिण्यावरून. निकालपत्रावर ‘किती बरोबर’ हा रकाना छापूच नका.