मशिनगनच्या पट्ट्यातली ७.६२ काडतुसं कड्यांतून कशी सोडवावीत

अमेरिकेत लष्करी साठ्यातला ७.६२ × ५१ चा (७.६२ मिमी गोळी, ५१ मिमी लांबीची केस म्हणजे पितळी नळी) काडतुसांचा माल बऱ्याचदा धातूच्या कड्यांनी जोडलेल्या पट्ट्यातच विकला जातो. १०० काडतुसांचा एक पट्टा आणि असे दोन पट्टे मावणारा हिरवा पत्र्याचा डबा. रायफलच्या मॅगझिनमध्ये भरायचं तर प्रत्येक काडतूस कडीतून सुटं करावं लागतं. काम अवघड नाही, पण उलट्या दिशेने जोर लावला की बोटं कापतात आणि माल बिघडतो. (हे अमेरिकेतल्या परवानगी असलेल्या नेमबाजांसाठी. भारतात लष्करी काडतूस जवळ बाळगणंच गुन्हा आहे. कुठे सापडलं तर हात न लावता पोलिसांना कळवा.)

आधी कडी ओळखा. एम-६० आणि एम-२४० या मशिनगनच्या पट्ट्यात एम-१३ जातीची कडी असते. तिच्या एका बाजूला दोन वेढे, दुसऱ्या बाजूला एक. शेजारच्या कड्यांचे वेढे एकमेकांत बसतात आणि त्यांतून आरपार गेलेलं काडतूसच बिजागरीच्या खिळ्याचं काम करतं. म्हणून काडतूस निघालं की पट्टा तिथेच तुटतो. कडीला मागे एक छोटी जीभ असते. ती काडतुसाच्या बुडाजवळच्या खाचेत अडकते आणि त्याला जागेवर धरून ठेवते. सगळा अडथळा या जिभेचाच.

मशिनगनचा बोल्ट (मागेपुढे सरकणारा आतला दट्ट्या) हे काडतूस पुढे ढकलून काढतो, म्हणून हातानेही पुढेच ढकलायचं, गोळीचं टोक आधी. जुन्या ब्राउनिंग मशिनगनच्या .३०-०६ या काडतुसांच्या पट्ट्यात मात्र उलटं असतं, तिथे काडतूस मागे ओढून निघतं. एकीची सवय दुसरीला लावली तर काडतूस जागचं हलत नाही आणि माणूस पक्कड शोधायला उठतो. बहुतेक नुकसान तिथूनच सुरू होतं.

डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड कापडी मोजे हवेत, कारण कड्यांच्या कडा पात्यासारख्या असतात. टेबलावर जुनं ब्लँकेट अंथरा. अख्खा पट्टा एकदम हाताळू नका. दर दहा काडतुसांनंतर एक काढलं की त्याचे सोयीचे तुकडे पडतात. आता तुकड्याच्या टोकाचं काडतूस धडाला धरून कडीतच दोन-तीनदा गोल फिरवा. जुना गंज किंवा लॅकर चिकटलेलं असलं तर सुटतं. मग कडी डाव्या हातात घट्ट धरून काडतूस पुढे रेटा. जीभ खाचेतून उठताना हलका खटका जाणवतो, पुढचं सोपं.

अंगठा दुखायला लागला की लाकडाचा छोटा ठोकळा घ्या आणि त्यात प्रायमरपेक्षा (बुडाच्या मधोमध असलेली, ठोका बसताच पेटणारी टोपी) रुंद खळगा कोरा. दाब बुडाच्या बाहेरच्या कडेवर पडला पाहिजे, प्रायमरवर कधीच नाही. हातोडी तर अजिबात नको. हजारभर काडतुसं असतील तर एका खेपेत बरीच काढणारं तरफेचं यंत्र विकत मिळतं. दोनशेसाठी ते घेणं म्हणजे उगाच खर्च.

गोळीला पक्कड लावून ओढू नका, स्क्रूड्रायव्हरने कडी उचकटू नका. गोळी सैल होते किंवा केसमध्ये आत सरकते, आणि आत सरकलेल्या गोळीने उडवताना दाब वाढतो. सुटी केलेली काडतुसं कॅलिपरने (लांबी-जाडी अचूक मोजायच्या साधनाने) तपासा. पूर्ण लांबी ७१ मिमीच्या आसपास हवी. एखादं शेजारच्यांपेक्षा स्पष्ट आखूड दिसलं तर बाजूला ठेवा. कड्यांचे बारीक ओरखडे चालतात. खोल पोचा, मानेजवळची चीर किंवा प्रायमरभोवतीचा हिरवा गंज चालत नाही. पुसायला कोरडं फडकं पुरे. तेल किंवा रसायन प्रायमरमध्ये झिरपलं की काडतूस मुकं होतं.

गोळीच्या टोकाचा रंगही बघत चला. साध्या एम-८० ला, म्हणजे लष्कराच्या नेहमीच्या काडतुसाला, रंग नसतो. नारिंगी टोक म्हणजे ट्रेसर, जळत जाऊन आपला मार्ग दाखवणारी गोळी. चार साध्या आणि एक ट्रेसर असं मिश्रण पट्ट्यात नेहमीचं. ट्रेसरने वाळलेलं गवत पेटतं, बऱ्याच रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) तो चालत नाही, आणि कॅलिफोर्नियात तर रायफलचा ट्रेसर बाळगायलाच बंदी आहे. म्हणून तो काढल्या काढल्या वेगळ्या डब्यात टाका. काळं टोक चिलखतभेदी गोळीचं, तेही वेगळं. एम-८० च्या गोळीचं आवरण अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचं असतं, त्यामुळे ती चुंबकाला चिकटते आणि चुंबक लावून तपासणाऱ्या रेंजवरून माघारी पाठवतात. जाण्याआधी विचारून घ्या.

रिकाम्या कड्या फेकू नका. पट्ट्यावर चालणारी सेमी-ऑटो (दर चापाला एकच गोळी झाडणारी) बंदूक बाळगणारे त्या परत वापरतात. वाकलेल्या तेवढ्या काढून टाका, बाकीच्या कोरड्या डब्यात भरा. काडतुसं मात्र त्या डब्यात नकोत, कड्या घासून गोळ्यांवर ओरखडे उठतात.