सामारियाची घळ एका दिवसात कशी उतरावी

क्रीट हे ग्रीसचं सर्वांत मोठं बेट. तिथे आठवडाभर राहणार असाल तर समुद्रकिनाऱ्यांतून एक दिवस काढा आणि सामारियाची घळ उतरा. ओमालोसच्या पठारावर सुमारे १२०० मीटर उंचीवर वाट सुरू होते आणि १६ किमी चालून थेट लिबियन समुद्राशी संपते. सांदणची घळ उतरलेल्यांना कातळभिंतींमधली चाल ओळखीची वाटेल, पण इथे ती दिवसभराची आहे.

आखणी शेवटच्या बोटीपासून उलटी करा. घळीच्या तोंडाशी असलेल्या आगिया रूमेली गावाला गाडीरस्ताच नाही. तिथून बोटीने सूगिया किंवा होरा स्फाकियोनला जायचं आणि पुढे बसने हानिया शहर गाठायचं. बोट चुकली तर मुक्काम गावातच. म्हणून आदल्या दिवशी हानियाच्या बसस्थानकावर बोटीची वेळ विचारून घ्या, पहाटेच्या पहिल्या बसचं आणि परतीचं तिकीट काढून ठेवा. भाड्याची गाडी नेऊ नका. ती डोंगरावर राहील आणि तुम्ही समुद्रावर.

घळ साधारण १ मेपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत उघडी असते. पावसाची चिन्हं दिसली किंवा ऊन फारच कडक असलं की ती बंद ठेवतात, आणि ते योग्यच आहे. ओढ्याला लोंढा आला तर अरुंद जागी पळायला वाव नसतो. त्यामुळे हा बेत सुट्टीच्या सुरुवातीलाच ठेवा, म्हणजे एखादा दिवस हुकला तरी पुढे ढकलता येईल. माझी पसंती मे महिन्याला.

चढ नाही म्हणून ही वाट सोपी समजू नका. उताराचा सगळा भार गुडघ्यांवर आणि पायाच्या बोटांवर येतो. आदल्या रात्री नखं कापा. बूट घट्ट पकडीचे आणि आधी वापरून मऊ झालेले हवेत, कोरे करकरीत नकोत. सॅकमध्ये टोपी, सुका खाऊ, पोहण्याचे कपडे आणि रिकामी होईल तशी भरता येईल अशी एकच बाटली पुरे. वाटेत ठिकठिकाणी झऱ्याचं पिण्याचं पाणी मिळतं. गुडघ्यांची कुरकुर असेल तर काठी न्याच.

वाटेची सुरुवात होते त्या जागेचं नाव क्सिलोस्कालो, म्हणजे लाकडी जिना. इथून पहिल्या तीन-चार किमीतच निम्मी उंची उतरून होते, म्हणून लोक भराभर सुटतात आणि दुपारी लंगडतात. इथेच सावकाश चाला. प्रवेशाचं तिकीट जपून ठेवा, खाली बाहेर पडताना ते पाहतात. दरड कोसळण्याचे फलक असतील तिथे थांबून फोटो काढू नका. ओढ्यात उतरायला आणि रात्री राहायला मनाई आहे.

साधारण निम्म्या वाटेवर जुनं सामारिया गाव लागतं. १९६२ मध्ये घळ राष्ट्रीय उद्यान झाली आणि इथली माणसं गाव सोडून गेली. दगडी घरं अजून उभी आहेत. इथे अर्धा तास बसा, बूट काढून पायांना वारा लागू द्या. क्री-क्री हे क्रीटचे रानबकरे इथे कधी अगदी जवळ येतात. त्यांना खायला घालू नका.

गावानंतर वाट ओढ्याच्या गोट्यांवरून जाते आणि भिंती जवळ येऊ लागतात. मग येतात 'लोखंडी दरवाजे'. अंतर जेमतेम चार मीटर, आणि दोन्ही बाजूंना सुमारे ३०० मीटर उंच कातळ. इथे घाई करू नका, मान वर करून उभे राहा.

सगळी चाल पाच ते सात तासांची. आगिया रूमेलीत पोचल्यावर आधी धक्क्याजवळ बोटीचं तिकीट घ्या, मग समुद्रात उतरा. किनाऱ्यावरचे खडे दुपारी चांगलेच तापतात, चपला घालूनच पाण्यापर्यंत जा. शाकाहारी असाल तर खानावळीत डाकोस मागा: जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो, चीज आणि ऑलिव्हचं तेल.

सोबत एवढं उतरू न शकणारे आईबाबा असतील तर त्यांना हॉटेलवर ठेवू नका. होरा स्फाकियोनहून सकाळच्या बोटीने ते आगिया रूमेलीला येऊ शकतात आणि खालून दीडेक तास चालत लोखंडी दरवाजांपर्यंत जाऊन परतू शकतात. त्यांनाही प्रवेशाचं तिकीट लागेल. घळीत फोनच्या रेंजचा भरवसा धरू नका, भेटायची जागा आणि वेळ आदल्या रात्रीच ठरवा.